बेडोकला परत नेलेली डिस्क

मुंबई विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावरून माझी बॅग एकदा पुढे गेली, मग मागे आली, पुन्हा पुढे गेली आणि शेवटी बाजूच्या टेबलावर येऊन पडली. तिथल्या तरुण शिपायाने तिच्यातून माझा एक गुंडाळलेला मोजा काढला आणि दोन बोटांनी उलगडला. आतून बिस्किटाएवढी निळी, चौकोनी प्लास्टिकची डबी निघाली.

"ये क्या है?"

"डिस्क है. मिनीडिस्क. संगीत है अंदर."

"कौनसा संगीत?"

"वैसे... पता नहीं. कभी सुना नहीं."

"दिया किसने?"

"बडे भाई ने. पच्चीस साल पहले."

अनोळखी माणसाने दिलेली वस्तू जवळ बाळगू नका, आत काय आहे ते माहीत असल्याशिवाय काही नेऊ नका, अशा सूचना त्याच्या डोक्यावरच्या पडद्यावर एकामागून एक येत होत्या. त्याने डबी कानाशी हलवून पाहिली, साहेबांना दाखवली. साहेब माझ्या वयाचे निघाले. त्यांनी ती ओळखली, हसले आणि म्हणाले, "अब ये बजाओगे किसपे?"

प्रश्न बरोबर होता. त्याच्या उत्तरासाठीच मी सिंगापूरला निघालो होतो.

मी कराडच्या एका तंत्रनिकेतनात संगणक प्रयोगशाळेचा सहायक आहे. वय चोपन्न, केस त्याहून कमी. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. घरात पेटी त्याची आणि तबला माझा. दिवेलागणीनंतर तो लेहरा धरायचा (तबल्यासाठी पेटीवर सोळा मात्रांची एकच ओळ पुन्हापुन्हा वाजवत राहतात, तिला लेहरा म्हणतात) आणि मी त्यावर कायदे नि रेले (तबल्याच्या ठरलेल्या बोलांच्या रचना, त्यात रेला सगळ्यांत धावता) बडवायचो. लेहरा धरण्याइतकं कंटाळवाणं काम नसेल. कौतुक तबल्याचं होतं. पेटीवाल्याने फक्त तिथे असायचं, न चुकता, न थकता. दादा असायचा. माझी लय लहानपणापासून पक्की आहे, असं घरी येणारे सगळे म्हणायचे आणि मला ते मनापासून पटायचं.

मग दादा नोकरीसाठी सिंगापूरला गेला. दोन वर्षांनी त्याच्याकडून पाकीट आलं, त्यात ही निळी डबी आणि चार ओळी. "सुध्या, तासाभराचा लेहरा भरलाय. पेटीवाला नाही ही सबब आता चालायची नाही. रोज बस."

आमच्याकडे तेव्हा एक कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता, तोही चापट मारल्यावर चालणारा. मिनीडिस्क वाजवायचं यंत्र कराडात नव्हतं, कोल्हापुरातही नव्हतं. सिंगापुरात ते घरोघरी होतं, तेव्हा आपल्याकडेही असणार, असं दादाने गृहीत धरलं. आता हे त्याला कळवायचं कसं? 'यंत्र नाही' असं लिहिणं म्हणजे 'यंत्र पाठव' असं लिहिणं. त्याने तिकडे नुकता संसार मांडलेला, सानिका शाळेत जाणारी. आमच्या घरात भावाकडेसुद्धा काही मागायची पद्धत नाही. अप्पांनी जन्मात शेजाऱ्याकडे शिडी मागितली नाही, आमच्या घरावरची कौलं त्यामुळे कायम सरकलेली.

म्हणून मी उत्तर लिहिलं : लेहरा पोचला. झकास आहे. रोज बसतो.

पुढे फोन सुरू झाले. दर वेळी शेवटी दादा विचारायचा, "लय कशी आहे?" मी म्हणायचो, "पक्की." एका शब्दाचं खोटं. पण ते मी वीस-बावीस वर्षं बोललो, आणि त्यातली बरीचशी वर्षं तबला माळ्यावर होता. "एकदा ये रे इकडे, बसू," तो म्हणायचा. "येतो, येतो," मी म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी सिंगापुरातल्या बेडोकच्या घरात दादाला झटका आला आणि तो गेला. माझ्याकडे तेव्हा पासपोर्टसुद्धा नव्हता.

तो पासपोर्ट आता काढला. कारण वहिनींचा फोन आला. "भाऊजी, फ्लॅट विकला. मी सेंगकांगला सानिकाकडे राहायला जातेय. ह्यांचं ते डिस्कचं मशीन आहे. कुणी घेत नाही. टाकून देऊ?"

"टाकू नका," मी म्हणालो. "मी येतोय."

आमच्या सौभाग्यवती सुनंदा शेजारीच होत्या. "पंचवीस वर्षं बोलावत होते, तेव्हा हलला नाहीत. आता मशीनने बोलावलं तर निघालात," त्या म्हणाल्या, आणि उठून चकलीची भाजणी दळायला देऊन आल्या. वहिनींना चकल्या आवडतात.

चांगी विमानतळावर सानिका न्यायला आली होती. मी तिला शेवटचं पाहिलं ते लग्नात. आता तिची मुलगी ईरा सात वर्षांची आहे. नात्याने मी तिचा आजोबा, पण तिने मला नीट न्याहाळून आईला इंग्रजीत विचारलं, "हा खरा आजोबा आहे की दुसरा?"

"दुसरा," मीच मराठीत सांगितलं. खरा नव्हता.

बेडोकचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. दारातच खोक्यांची भिंत होती. वहिनी त्या भिंतीआडून आल्या, थोड्या वाळलेल्या, केस आखूड केलेले. मी वाकलो तर म्हणाल्या, "राहू दे हो, खोकं पडेल." मग माझ्याकडे बघत राहिल्या. मी जाणून होतो त्या काय बघताहेत. टक्कल पडल्यापासून मी अगदी दादासारखा दिसतो.

हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकाने सांगितलं. वहिनी मला खालच्या हॉकर सेंटरला (एका मोठ्या छपराखाली ओळीने खाण्याचे ठेले) नाश्त्याला घेऊन गेल्या. कोपीच्या ठेल्यावर (कोपी म्हणजे आटीव दुधाची कडक कॉफी) एक म्हातारे चिनी गृहस्थ गाळणीची कापडी पिशवी उंच धरून कॉफी ओतत होते. मी तोंड उघडण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सिउ दाई?" (साखर कमी.)

"तेच द्या," वहिनी इंग्रजीत म्हणाल्या. मग मला हळूच, "ह्यांची तीच असायची."

मी ती कॉफी प्यायलो. मला साखर जास्त लागते. पण बोललो नाही. सोबत काया टोस्ट होता (नारळाच्या दुधाचा नि अंड्यांचा गोड मुरंबा लावलेला भाजका पाव), त्यावर भागवलं. समोरच्या झाडावर एक कोकीळ गळा फाडून ओरडत होता. मी कौतुकाने वर पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "वर्षभर ओरडतो हा. लोक तक्रारी करतात. तुमचे दादा म्हणायचे, तक्रार करणाऱ्यांना कराडला पाठवा, कोकिळाला नको."

आता यंत्राकडे वळू. ते दिवाणखान्यात एका खोक्यावर बसवलेलं होतं. काळं, जड, पुढे छोटा काचेचा पडदा. चालू केलं की आधी बराच वेळ कुरकुरायचं, मग लहर लागली तर डिस्क वाचायचं, नाहीतर बाहेर ढकलायचं. स्पीकर जोडला की फक्त गुणगुण. हेडफोनचं भोक कधीच मोडलेलं. बेडोकमधल्या दुरुस्तीवाल्याने ते उघडून पाहिलं होतं, पुन्हा बंद केलं होतं आणि वहिनींजवळ शोक व्यक्त केला होता. त्याच्या मते भिंगाचं आयुष्य संपत आलं होतं, आणखी चार-पाच वेळा चाललं तर नशीब. जुनी यंत्रं विकणाऱ्यांच्या अ‍ॅपवर सानिकाने शोधलं, तर सगळीकडे 'फक्त शोभेसाठी' लिहिलेलं.

एक वाट उरली होती. यंत्राच्या पाठीमागे एक इवलंसं झाकण असतं. ते उघडलं की आत लाल दिवा दिसतो. त्या उजेडातून आवाज आकड्यांच्या रूपात बाहेर पडतो, काचेच्या तारेतून. आता संगणकाला तो उजेड ऐकता यावा, म्हणजे डिजिटल आवाज आत घेणारं साऊंड कार्ड हवं. सानिकाचा लॅपटॉप ऑफिसचा, त्याला बाहेरचं काही लावू देत नाहीत. उरला माझा. तो कॉलेजने भंगारात काढलेला, मी त्यावर लिनक्स घालून जगवलेला. कॉलेजात मला पाठीमागे 'पेंग्विनकाका' म्हणतात (लिनक्सचं चिन्ह पेंग्विन), हे मला माहीत आहे. सगळ्यांसाठी खुली, कुणाच्याही परवानगीवाचून चालणारी ही प्रणाली, आणि हिच्यासाठी झटणारा कराडातला मीच एक, याचा मला जो अभिमान आहे, तो सुनंदाला एखाद्या दुखण्यासारखा वाटतो.

"म्हणजे लिनक्सवर चालेल असं, आणि आत घेणारं," सानिका म्हणाली. "काका, एवढ्याशा गोष्टीला दोन अटी कशाला?"

"एक अट माझी, एक दादाच्या मशीनची."

दुपारी मी पाया लेबारला गेलो. सानिकाचं ऑफिस तिथे आहे, खाली मॉल आहे. एका चकचकीत दुकानात मी माझी गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला मुलाने काउंटरवर एक छोटी काळी डबी ठेवली. "ऑप्टिकल हॅव, अंकल."

"लिनक्स?"

"कॅन, कॅन."

मी घाईने घेऊन टाकली. वेष्टनामागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा काढावा लागला असता, आणि मला भूक लागली होती. मॉलच्या खाली गर्दीत एक टेबल रिकामं मिळालं. त्यावर कुणाचं तरी टिश्यूंचं पाकीट विसरलेलं होतं. मी बसलो, तिखट सूपनूडल्स खाल्ल्या, नाक वाहायला लागलं तसे त्यातले चार टिश्यू वापरले. एवढ्यात दोन बायका हातात ताटं घेऊन येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. सानिका धावत आली.

"काका! ते विसरलेलं नसतं. त्यांनी चोप केलंय." (टेबलावर काहीतरी ठेवून जागा धरणे, याला इथे चोप म्हणतात.)

"मग नाव लिहायचं ना."

मी उरलेलं पाकीट परत देऊ केलं. त्यांनी फार सभ्यपणे नाकारलं.

घरी येऊन डबी लॅपटॉपला लावली. तार एकीकडे यंत्रात खुपसली, दुसरं टोक डबीत. काहीच नाही. तार काढून डबीच्या भोकात डोकावलो तर आत लाल दिवा. यंत्राच्या पाठीत डोकावलो, तिथेही लाल दिवा. दोन्ही बोलणारे. एकमेकांकडे तोंड करून लाल होऊन बोलताहेत, ऐकणारा कोणीच नाही.

ईराने वेष्टन उचलून बारीक अक्षरं वाचली. तिला चष्मा नाही. "दुसरे आजोबा, धिस वन आऊट ओन्ली. कॅनॉट लाह."

त्या दिवशी एक गोष्ट शिकलो. बोलणाऱ्या भोकात उजेड असतो. ऐकणारं भोक अंधारं असतं. मग मी शोधायची रीतच बदलली. वेष्टनावर काय छापलंय ते विचारायचंच नाही. डबी चालू करा म्हणायचं आणि भोकात डोकावायचं. शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका जुन्या सहामजली इमारतीत मी दोन दिवस हेच करत हिंडलो. पाठीवर लॅपटॉप, खिशात सुनंदाची चकली. दुकानदार उत्साहाने "ऑप्टिकल" म्हणायचे, मी एक डोळा मिटून वाकायचो, लाल दिसलं की नमस्कार करून पुढे. एका दुकानात खरोखर अंधारं भोक मिळालं, तर त्या डबीला आपला स्वतःचा प्रोग्राम हवा, आणि तो माझ्या पेंग्विनला चालेना. तिसऱ्या मजल्यावरच्या दुकानदाराने तर शेजाऱ्याला ऐकू जाईलसं विचारलं, "अंकल, यू डेंटिस्ट, आह?"

संध्याकाळी बेडोकला परतलो की वहिनी खोकी भरत बसलेल्या असायच्या. मीही हातभार लावायचो. दादाचे शर्ट. दादाचा छत्र्यांचा संग्रह, कारण इथे रोज दुपारी पाऊस, रोज विसरलेली छत्री, रोज नवी. पेटी गेल्या वर्षीच एका भजनी मंडळाला दिलेली. चौथ्या दिवशी वहिनींनी डिस्क हातात घेतली, उलटसुलट केली.

"रविवारी दुपारी आतल्या खोलीचं दार लावून घ्यायचे. पंखा बंद. पंख्याचा आवाज येतो म्हणे. तासाने बाहेर यायचे तर शर्ट पिळून काढावा असा. चार-पाच रविवार चाललं होतं. मी म्हटलं, एवढं काय? तर म्हणाले, तो रोज बसणार आहे ना त्यावर, नीट नको?"

मी खोक्याला चिकटपट्टी लावत होतो. ती वाकडी लागली.

"भाऊजी, बसायचात ना तुम्ही?"

वीस-बावीस वर्षं फोनवर जे जमलं होतं, ते समोरासमोर जमेना. मी सगळं सांगितलं. यंत्र नव्हतं हे, मागायचं कसं म्हणून लिहिलं नाही हे, 'पक्की' हे. वहिनी म्हणाल्या, "दोघेही त्याच घरचे. इथे ह्यांनी ऑफिसात खुर्ची मोडली तर सहा महिने मागितली नाही. उशी नेऊन बसायचे." आणि डिस्क माझ्या हातात देऊन हळूच विचारलं, "ह्यात ते बोलले असतील का हो काही? माझ्याकडे फोटो पुष्कळ आहेत. आवाज नाही. फोनवरचे निरोप होते, ते फोनबरोबरच गेले."

"लेहऱ्यात कोणी बोलत नाही, वहिनी."

"हो, ते आहेच," त्या म्हणाल्या आणि छत्र्या मोजायला लागल्या.

घराच्या किल्ल्या शुक्रवारी द्यायच्या होत्या. माझं परतीचं विमान शनिवारी. बुधवारी मी पुन्हा त्या इमारतीत गेलो आणि या वेळी सगळ्यांत वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या अरुंद गाळ्यात शिरलो. तिथे एक वयस्कर गृहस्थ तारांच्या ढिगात बसून पेपर वाचत होते. मी डोकावायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "कशात?" मी यंत्र सांगितलं, लिनक्स सांगितलं. त्यांनी पेपर ठेवला.

"लिनक्स, आह? मग डब्यावरचं नाव बघू नको. आतली चिप बघ." त्यांनी पायाशी असलेलं खोकं ओढलं आणि त्यातून धुळकट, राखाडी, वहीएवढा डबा काढला. "जुना माल. आता कोण बनवत नाही. सगळ्यांना आवाज बाहेर पाहिजे. आत कोणालाच नको."

त्याला दोन भोकं होती. लॅपटॉपला जोडला. एक लाल झालं. दुसरं अंधारं राहिलं. मी पडद्यावर एक ओळ टंकली, जोडलेल्या उपकरणांची यादी आली आणि तिच्यात शेवटी डबा हजर. काही मागितलं नाही, काही अडवलं नाही, पेंग्विनने त्याला घरात घेतलं. मी एवढ्या मोठ्याने "आहे!" म्हणालो की बाहेरून जाणारा एक जण थबकला.

"डिस्कमध्ये काय?" गृहस्थांनी विचारलं.

"माझा भाऊ."

"गातो?"

"नाही. दुसऱ्याला वाजवता यावं म्हणून वाजवतो."

त्यांना ते समजलं असावं. त्यांनी जुनी तार दिव्याशी धरून पाहिली, फेकली आणि नवी दिली. "नो रिटर्न," एवढं मात्र बजावलं.

गुरुवारी सकाळी आम्ही सगळे दिवाणखान्यात जमलो. सामान बहुतेक गेलेलं. उरलं होतं ते जेवणाचं टेबल आणि यंत्राचं खोकं. सानिकाने सुट्टी घेतली होती, ईराला शाळा नव्हती. वहिनींनी साडी नेसली होती. पंखा मीच बंद केला, कशासाठी ते सांगता येणार नाही.

"काका, आधी दुसरी एखादी डिस्क लावून बघ ना," सानिका म्हणाली. "बाबांच्या गाण्यांच्या पडल्यात खोक्यात."

शहाणी मुलगी. पण मला दम कुठला? मी निळी डिस्क आत ढकलली. यंत्र कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं. पडद्यावर आकडे आले. लॅपटॉपवर हिरवी रेघ थरथरली, आणि खोलीत एक बारीक, घाईचा, एखाद्या पोरासारखा आवाज आला : "हं. घे, सुध्या." मागोमाग पेटी, चिरकी, धावत सुटलेली.

वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या खाली बसल्या. "हे ते नाहीत," त्या म्हणाल्या.

दादाची पट्टी (पेटीचा मूळ सूर) काळी एक. ही पेटी पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकत होती. मग उमगलं. यंत्र दर सेकंदाला जितके आकडे पाठवत होतं, त्याहून जास्त येताहेत असं मी घाईत लॅपटॉपला सांगून ठेवलं होतं. तासाचा ऐवज त्याने पंचावन्न मिनिटांत कोंबला असता. मी थांबवलं, आकडा बदलला, पुन्हा सुरू केलं. यंत्राने डिस्क बाहेर ढकलली. परत घातली. परत ढकलली.

"चार-पाच वेळा म्हणाला होता तो," सानिका पुटपुटली.

"त्याला जरा बसू द्या," वहिनी म्हणाल्या. यंत्राला की मला, कळलं नाही. त्या आत गेल्या, तीन कप कॉफी घेऊन आल्या. आम्ही टेबलाभोवती बसून प्यायलो. बाहेर कोकीळ ओरडत होता, आणि माझ्या मनात येत होतं की घाई करायची माझी सवय दादाला ठाऊक नव्हती, बरं झालं.

अर्ध्या तासाने मी डिस्क पुन्हा लावली. या वेळी हात सावकाश. यंत्र कुरकुरलं आणि चालू लागलं.

"हं. घे, सुध्या."

खर्जातला, जरा चोंदलेल्या नाकाचा. दादा. आणि मग भात्याचा एक श्वास, आणि चंद्रकंस रागाची ती ओळ. पाठीमागे लांबवर पंचवीस वर्षांपूर्वीचा कोकीळ.

वहिनींनी डोळे पुसले नाहीत. एका हाताने दुसरा हात घट्ट धरला. ईराने विचारलं, "हू इज दॅट?"

"खरा आजोबा," सानिका म्हणाली.

तासभर आम्ही हललो नाही. म्हणजे ते हलले नाहीत. माझी बोटं टेबलावर आपोआप सुरू झाली. कायदा बरा गेला. पण दुगुणीत (दुप्पट वेगात) गेलो आणि समेवर (सोळा मात्रांच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) मी पोचलो तेव्हा पेटी अजून चौदाव्या मात्रेत. मला वाटलं मोजायला चुकलो. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मी पुढे, पेटी मागे, आणि ती माझ्यासाठी पाऊल उचलायला तयार नाही. अशी ती कधीच नव्हती. कराडच्या घरात मी कसाही वाजवला तरी समेला दादा तिथे असायचाच. मला वाटायचं, मी बरोबर आलो.

आता कळलं. मी नेहमीच पळत होतो. दादा पेटीवर न बोलता माझ्यासोबत पळत होता, आणि लोक माझी लय पक्की म्हणत होते. आणि मी आत्ताच स्वतःशी म्हणालो होतो की त्याला ठाऊक नव्हतं.

बोटं थांबवून मी गप्प ऐकत बसलो. पाऊण तासाच्या आसपास असेल, आणि ओळ बदलली. सूर नाही, वेग. हळूहळू वाढत गेला, चांगली तीन आवर्तनं, मग एकदम मूळ चालीवर. यंत्र दगा देतंय, नाहीतर आकडा पुन्हा चुकला. मी लॅपटॉपवर झुकलो.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं. "इथे हे चुकले का? ह्यांची लय हलली."

मी मघाचा धडा आठवला. यंत्र पळालं असतं तर सूरही चढला असता. भरणं चालू ठेवून, लॅपटॉपवर उतरलेला तो तुकडा मी मागे नेऊन पुन्हा ऐकला. पट्टी काळी एकच, तसूभर हललेली नाही. म्हणजे यंत्र पळालं नव्हतं. हात पळाला होता, मुद्दाम. आणि तो नेमका तिथे पळाला होता जिथे तासाच्या बैठकीत मी कायदा संपवून रेल्यात शिरायचो आणि उधळायचो. बंद खोलीत, पंखा थांबवून, समोर कोणी नसताना, दादाने तिथे तीन आवर्तनं मला धावू दिलं होतं. मग धरून पुन्हा चालीवर आणलं होतं.

"दादा नाही चुकला, वहिनी," मी म्हणालो. "तिथे मी आहे."

संपल्यावर यंत्राने डिस्क बाहेर दिली. त्यानंतर ते सुरू झालं नाही. वहिनींना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांच्या फोनमध्ये सानिकाने ती तीन शब्दांची फीत घालून दिली होती. शुक्रवारी किल्ल्या देऊन आम्ही सेंगकांगला गेलो. तिथली छोटी गाडी इमारतींच्या मधून, लोकांच्या खिडक्यांना जवळजवळ खेटून फिरते. ती वळण घेत असताना शेजारी बसलेल्या वहिनींच्या पिशवीतून बारीक आवाज आला, "हं. घे, सुध्या." त्यांनी बटण चुकून दाबलं असावं. दोन मिनिटांनी पुन्हा आला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

परतताना चांगीवर राखाडी डब्याने मोठाच गोंधळ घातला, पण तो सांगत बसत नाही. कराडला आल्यावर तबला माळ्यावरून उतरवला, पुडी (वरचं कातडं) बदलली. आता रोज संध्याकाळी लॅपटॉपवर दादाचा लेहरा लावून बसतो. सुनंदा म्हणते, शेजारी विचारतात, तुमच्याकडे पेटी कोण वाजवतं?

वर्षभराच्या मेहनतीने लय खरोखरच बरी झाली आहे. दादा कितीही संथ वाजवू दे, मी आता पुढे जात नाही. समेला आम्ही दोघे बरोबर असतो. अडचण एकच आहे. पाऊण तासाने ती तीन आवर्तनं येतात. नीट वाजवलं तर तिथे मी मागे राहतो, आणि दादा एकटा पुढे जातो.

म्हणून तेवढ्यापुरता मी पळतो.